प्रगती : बरी

पोर्टल सकाळपासून गोल फिरतंय.
बांधाजवळच्या बोरीखाली रेंज येते, दोन काड्या,
म्हणून तिथंच खुर्ची टाकली आहे.
शेजारी तिसरीचा वर्ग, तोही माझाच.
मांढरे सर मतदारयादीच्या कामाला गेलेत
दिवाळीपासून.

एकूण पट एकवीस.
विसाच्या आत आला की शाळा उचलून
साडेचार किलोमीटरवर नेतील म्हणतात;
शाळा काय धानाचं पोतं आहे?
तरी मी मोजते. संध्याकाळी
कोंबड्या मोजाव्यात तशी.

मुली बारा, मुलगे नऊ.
प्रवर्ग निवडा.
यादी खाली सरकते, आणखी खाली सरकते,
आणि टिकेश तोंडात बोर ठेवून
खांद्यावरून वाकून विचारतो,
"मॅडम जी, मी कोन्त्या खान्यात हाव?"
थांब, म्हणते. अजून भरतेय.

वाचनस्तर : अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद, गोष्ट.
एकावरच खूण करा.
चाचणीत हिमांशीला समुद्राचा उतारा आला होता.
भरतीपर्यंत ती धडाधड वाचत गेली.
ओहोटीपाशी थांबली.
पाणी मागे जातं, मी सांगितलं.
तिनं खिडकीतून तलावाकडं पाहिलं.
"कोणं तुडूम उघडला जी?"
केंद्रप्रमुख हसले, घड्याळ पाहिलं,
एक मिनिट संपलं होतं.
स्तर : वाक्य.

दुपारी फटफटीवर एक माणूस आला, तुमसरहून.
जातीच्या पडताळणीला आज्याची नोंद हवी होती.
लोखंडी कपाट लाथ मारल्याशिवाय उघडत नाही.
सेहेचाळीस सालचं दाखलखारीज,
वाळवीनं कडा खाल्लेलं,
पण मधलं सगळं शाबूत.
सखरू वल्द मोतीराम. जात ढिवर.
वर्तणूक बरी. प्रगती बरी.
सोडल्याचं कारण : गैरहजर.

त्या पानावर सगळ्यांचीच प्रगती बरी आहे,
एकाच दमात, एकाच टाकानं.
कोण्या गुरुजींनी जेवायच्या आधी लिहून टाकलेली.

त्यानं मोबाईल काढला.
एका हातानं पान दाबून धरलं,
अंगठा नेमका प्रगतीवर.
फोटो नीट आला. जात स्वच्छ दिसत होती.
मी विचारलं, वाचता येत होतं का त्यांना?
"कोणाले?"
आज्याला.
तो गप्प राहिला. सत्तर वर्षांत
हे त्याला कोणी विचारलं नसावं;
कार्यालयानं तर नाहीच.
किक मारता मारता म्हणाला,
"मासोळी सोसायटीच्या जुन्या वह्या
त्याच्याच अक्षरात हायेत म्हनतात.
मी पाह्यल्या नाही."

चार वाजता हिमांशीची माय आली,
कडेवर लहानगा, हातात रिकामी पिशवी.
मिरची तोडायला जाणार, तेलंगणात, सोमवारच्या गाडीनं.
पोरीला मामाकडं ठेवणार, पवनीजवळ.
"दाखला देऊन द्या जी."
म्हटलं, उन्हाळ्यात परत येशील ना?
तिनं पिशवीची घडी घातली,
उलगडली.
"पाहू."

वीस.

दाखल्याचं पुस्तक उघडलं.
नाव. आईचं नाव. जन्मतारीख, अक्षरी आणि अंकी.
जात, पोटजात, दोन्ही ठिकाणी शाई पसरली नाही.
मग प्रगती.
हात आपोआप 'ब'पाशी गेला,
त्या सेहेचाळीसच्या हातासारखा.
रकाना बोटाच्या पेराएवढा.

बोरीखाली पोर्टल अजून फिरत होतं.
हिमांशी दप्तर पाठीला लावून दारात उभी,
कोणाशी तरी बिट्ट्यांचा हिशेब मिटवत.
मी लिहिलं :
प्रश्न विचारते.

बारीक लिहूनही मावलं नाही.
शेवटची दोन अक्षरं
वर्तणुकीच्या रकान्यात गेली.